नकाराचा अधिकार

1986 साली ‘येल लॉ जर्नल’मध्ये एका विद्यार्थिनीचा लेख प्रसिद्ध झाला. विषय होता मनोरुग्णालयांत रुग्णांचे हातपाय पट्ट्यांनी बांधून ठेवण्याची पद्धत आणि तिच्यावर असलेला कायद्याचा अंकुश. अशा लेखाला जे लागते ते सगळे त्यात होते: न्यायालयांचे निवाडे, वैद्यकीय संशोधनाची छाननी, तळटीपांची रांग. एक माहिती मात्र लेखिकेने लेखात कुठेही येऊ दिली नव्हती. एलिन सॅक्स यांना स्वतःला थोड्याच वर्षांपूर्वी अशाच पट्ट्यांनी पलंगाला बांधले गेले होते.

ती माहिती त्यांनी जगासमोर ठेवली 2007 मध्ये, ‘द सेंटर कॅनॉट होल्ड’ या आत्मकथनातून. तोवर 21 वर्षे उलटली होती. दरम्यान त्या लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात कायद्याच्या प्राध्यापक झाल्या होत्या, मानसिक आजार आणि कायदा या विषयावरची त्यांची पुस्तके विद्यापीठांत वाचली जात होती, आणि त्यांना स्किझोफ्रेनिया आहे हे निवडक जवळच्या माणसांखेरीज कुणाला ठाऊक नव्हते. आज जगभरच्या वाचकांना सॅक्स माहीत आहेत त्या बहुधा या आत्मकथनामुळे किंवा 2012 मधल्या त्यांच्या ‘टेड’ व्याख्यानामुळे. त्यामुळे त्यांची ओळख करून देताना आधी आजार, मग जिद्द, आणि शेवटी जमलेच तर कायदा, असा क्रम पडून गेला आहे. पुढील पानांत हा क्रम मुद्दाम उलटा केला आहे. सॅक्स यांचा कायद्यातला युक्तिवाद त्यांच्या दुःखाच्या आधाराविना उभा राहतो, दोन दशके तो तसा उभा राहिलाही. तो समजून घेतल्यावर आत्मकथन वाचले, की त्यातले प्रसंग नुसते अंगावर काटा आणत नाहीत, पुरावा म्हणूनही समोर येतात.

मूळ हकिकत थोडक्यात सांगायला हवी. जन्म 1955 चा, बालपण मायामीत. व्हँडरबिल्ट विद्यापीठातून पदवी घेऊन मार्शल शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान शिकायला गेल्या आणि तिथे आजाराने त्यांना पुरते गाठले. वॉर्नफर्ड रुग्णालयात त्या दोनदा दाखल झाल्या. एकटेच पुटपुटत बसणे, खाणे सुटणे, आपण जगण्याच्या लायकीचे नाही असे वाटत राहणे, या सगळ्यातून जाऊनही त्यांनी ऑक्सफर्डची पदवी पुरी केली. मग येलला कायदा शिकायला आल्या. पहिल्याच वर्षी एका शुक्रवारी रात्री वर्गमित्रांबरोबर अभ्यासाचे टिपण करायला बसलेल्या असताना त्यांचे बोलणे भरकटू लागले. ग्रंथालयाच्या गच्चीवर त्या काहीबाही बरळत राहिल्या. पुढच्या दिवसाचा शेवट तातडीच्या उपचार विभागात झाला, आणि तिथे त्यांना धरून, आडवे पाडून, चामडी पट्ट्यांनी बांधून जबरदस्तीने औषध पाजण्यात आले. पुढच्या मुक्कामात काही वेळा सलग 20 तासांपर्यंत त्या बांधलेल्या अवस्थेत होत्या. हात बांधलेले, कधी हातपाय दोन्ही, कधी त्यावर छातीवरून आवळलेली जाळी. त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता, कुणाला थेट धमकीही दिली नव्हती.

डॉक्टरांनी निदानापुढे भवितव्याबद्दलचे मतही लिहिले होते. त्याचा अर्थ असा, की जमेल तिथे देखरेखीच्या वसतिगृहात राहायचे आणि फार तर किरकोळ कामे करायची.

ऑक्सफर्ड आणि येल इथल्या मुक्कामांतला फरक सॅक्स यांच्या मनात रुतून बसला. ऑक्सफर्डला त्या काही कमी आजारी नव्हत्या, पण तिथे त्यांना कुणी बांधले नाही. इंग्लंडमध्ये या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. 1839 मध्ये लंडनजवळच्या हॅनवेल रुग्णालयात जॉन कोनॉली या डॉक्टरने बेड्या, पट्टे, बंदजाकिटे बंद करून दाखवली होती, आणि तीही शेकडो रुग्णांच्या रुग्णालयात. म्हणजे बांधणे ही आजाराची गरज नसून रुग्णालयाची सवय आहे, असे म्हणायला जागा होती. कायद्याच्या विद्यार्थिनीला ती जागा दिसली.

लेखाची तयारी सुरू असताना त्या या विषयातल्या एका प्राध्यापकांशी बोलल्या. बांधून ठेवणे किती मानहानीचे, किती वेदनादायक असेल, असे त्यांनी म्हटल्यावर त्या गृहस्थांनी समजावणीच्या सुरात सांगितले की ही माणसे मनोरुग्ण आहेत, ती तुमच्याआमच्यासारखी नाहीत, त्यांना हा अनुभव आपल्याला येईल तसा येत नाही. सॅक्स त्या वेळी काही बोलल्या नाहीत. हा प्रसंग त्यांनी नंतर अनेकदा सांगितला आहे. त्या प्राध्यापकांच्या मनात दुष्टावा नव्हता. नेमकी हीच गोष्ट इथे महत्त्वाची आहे. रुग्णाच्या अनुभवाला पुरावा म्हणून किंमतच नाही, हे गृहीत सुशिक्षित, सहृदय माणसांच्याही मनात इतके खोल गेलेले असते की त्यावर वाद घालायला आधी ते उघडे करून दाखवावे लागते.

अमेरिकी न्यायालयांतही हेच गृहीत वेगळ्या रूपात वावरत होते. 1975 च्या ओकॉनर विरुद्ध डोनाल्डसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी गोष्ट मान्य केली होती. केनेथ डोनाल्डसन यांना फ्लोरिडातल्या सरकारी मनोरुग्णालयात जवळजवळ 15 वर्षे कोंडून ठेवले होते. कुणाला धोका नसलेल्या, स्वतःच्या बळावर किंवा आप्तेष्टांच्या मदतीने सुरक्षित जगू शकणाऱ्या माणसाला नुसता आजार आहे म्हणून डांबून ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने एकमताने सांगितले. पण रुग्णालयाच्या भिंतींच्या आत काय? 1982 मध्ये यंगबर्ग विरुद्ध रोमिओ हा खटला आला. निकोलस रोमिओ हा गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेला तरुण पेनसिल्व्हेनियातल्या पेनहर्स्ट संस्थेत होता. त्याला तिथे निदान 63 वेळा इजा झाल्या होत्या, आणि पुढे त्याला बांधूनही ठेवले जात होते. त्याच्या आईने दावा लावला. अवाजवी बंधनांपासून मुक्त राहण्याचा हक्क त्याला आहे, हे न्यायालयाने मानले. मात्र बंधन वाजवी की अवाजवी, याबाबत तज्ज्ञाचा निर्णय सकृद्दर्शनी योग्यच धरावा, असेही सांगितले. हक्क दिला तो असा. बांधायचे की नाही हे बांधणाऱ्याच्या व्यावसायिक मतावरच सोपवले गेले. सॅक्स यांचा 1986 चा लेख या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. बंधनाचा वापर केव्हा, किती वेळ आणि कोणत्या कारणाने, याचे बाहेरून तपासता येतील असे काटेकोर निकष हवेत, हा त्यांचा आग्रह होता.

1998 मध्ये ‘हार्टफर्ड कुरंट’ या वृत्तपत्राने देशभर शोध घेऊन एक लेखमाला छापली. बंधनात किंवा एकांतकोठडीत असताना दहा वर्षांत झालेल्या 142 मृत्यूंची त्यात नोंद होती. बळींत मुलेही होती. खरा आकडा कितीतरी मोठा असावा, असा जाणकारांचा अंदाज होता. त्यानंतर केंद्रीय पातळीवर नियम कडक झाले. ज्या विषयाला कायद्याच्या जगात कुणी फारसे विचारत नव्हते, त्यावर एका विद्यार्थिनीने बारा वर्षे आधी बोट ठेवले होते.

सॅक्स यांच्या विचाराचा गाभा मात्र पट्ट्यांच्या पलीकडे आहे. तो निर्णयक्षमतेच्या प्रश्नात आहे, आणि 1991 मध्ये ‘नॉर्थ कॅरोलायना लॉ रिव्ह्यू’त त्यांनी उपचार नाकारण्याच्या क्षमतेवर लिहिलेला लेख त्याचा पाया आहे. एखाद्या रुग्णाने औषध नाकारले, तर तो नकार त्याचा आहे की आजाराचा, हे ठरवायचे कसे? डॉक्टरांच्या बाजूने सोपे उत्तर असे, की जो आपला आजारच मान्य करत नाही त्याला निर्णय घेता येत नाही. सॅक्स हे उत्तर स्वीकारत नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की चुकीच्या समजुती, इच्छेप्रमाणे वास्तव वाकवून पाहणे, नकोसे निदान न स्वीकारणे हे सगळ्याच माणसांत असते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस आपल्याला काही झालेच नाही असे म्हणत सिगारेट ओढतो, तेव्हा त्याचा निर्णयाचा हक्क कुणी काढून घेत नाही. मग मनोरुग्णालाच वेगळा, जास्त कडक नियम का?

म्हणून त्या एक अरुंद निकष सुचवतात. नकारामागची समजूत उघडउघड खोटी असेल, म्हणजे वास्तवात तिला कसलाही आधार नसेल, तरच क्षमता नाही असे धरावे. औषधाने वजन वाढते, डोके जड होते, त्यापेक्षा मला आवाज ऐकू आलेले परवडतील, असे म्हणणारी बाई सक्षम आहे, तिचा हिशेब आपल्याला पटो वा न पटो. गोळीत शत्रूने यंत्र बसवले आहे म्हणून ती गिळणार नाही, असे म्हणणारा माणूस त्या क्षणी सक्षम नाही. या दोघांच्या मध्ये मोठा धूसर पट्टा राहतो, आणि सॅक्स यांचा कल असा, की संशयाचा फायदा रुग्णाला मिळावा.

हा विचार नुसता कागदावर राहिला नाही, आणि त्याच्या पुढच्या प्रवासात एक मराठी नाव येते. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. दिलीप जेस्ते कॅलिफोर्नियात सॅन डिएगो इथे वृद्धांच्या मानसिक आरोग्यावर काम करत होते. 2012 मध्ये ते अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. सॅक्स, जेस्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून 2002 मध्ये ‘कॅलिफोर्निया स्केल ऑफ अॅप्रिसिएशन’ ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. संशोधनात भाग घ्यायला संमती देणाऱ्या रुग्णाला, आपल्यावर काय होणार आहे याचा स्वतःपुरता अर्थ उमगला आहे का, हे ती तपासते. उघड खोट्या समजुतीचा कायदेशीर निकष इथे दवाखान्यात वापरता येईल अशा मापात आला. कायद्याचा प्राध्यापक आणि डॉक्टर एका टेबलाशी बसून काम करतात तेव्हा काय हाती लागते, याचे हे ठळक उदाहरण आहे. आपल्याकडे असे काम फार थोडे झाले.

2002 मध्येच आलेले ‘रिफ्यूझिंग केअर’ हे पुस्तक सक्तीच्या उपचारांविषयी आहे, आणि सॅक्स यांच्या प्रामाणिकपणाची खरी परीक्षा तिथे आहे. सक्तीचा त्रास सोसलेल्या व्यक्तीने सगळीच सक्ती धुडकावून लावली असती तर कुणाला नवल वाटले नसते. पण त्यांना दुसरी बाजूही माहीत होती. 1970 च्या दशकात डॅरल्ड ट्रेफर्ट या डॉक्टरने तक्रार केली होती की काही रुग्ण हक्क शाबूत ठेवून मरत आहेत. मुलगा रस्त्यावर राहतो, उपाशी आहे, आजारी आहे, आणि कायदा त्याला हात लावू देत नाही, असे सांगणारे आईबाप अमेरिकेत हजारो होते. त्यांना हक्कांची भाषा कठोर वाटली तर त्यांचे काय चुकले?

सॅक्स यांनी काढलेला मार्ग असा आहे. आजाराचा पहिला झटका आलेल्या माणसाला आपल्याला काय होते आहे आणि उपचाराने काय बदलेल याचा काहीच अनुभव नसतो. तेव्हा एकदा सक्तीने उपचार करायला कायद्याने जास्त मोकळीक द्यावी. उपचार घेऊन बरे वाटल्यावर मात्र त्याला दोन्ही बाजू माहीत झालेल्या असतात, आणि त्यानंतरचा निर्णय त्याचा. हवे तर त्याने शुद्धीवर असताना स्वतःलाच बांधून घेणारा करार करावा: पुन्हा झटका आला आणि मी औषध नाकारले, तरी द्या. होमरच्या कथेतल्या युलिसिसने मोहिनी घालणाऱ्या गाण्याच्या बेटाजवळून जाताना स्वतःला डोलकाठीला बांधून घेतले आणि खलाशांना बजावले, की मी कितीही ओरडलो तरी सोडू नका. त्या कथेवरून अशा कराराला युलिसिस करार म्हणतात. इथेही बंधन आहे, पण ते ज्याचे त्याने निवडलेले आहे.

या मांडणीवर दोन्ही बाजूंनी टीका होते आणि ती रास्तही आहे. सक्ती किती खोल जखम करू शकते, हे सॅक्स यांच्याच आत्मकथनात लिहिलेले आहे. तरीही हे पुस्तक महत्त्वाचे वाटते, कारण ते प्रत्येक प्रकारची सक्ती वेगळी करून तपासते. भरती वेगळी, औषध वेगळे, बांधणे आणि कोंडणे वेगळे. प्रत्येकासाठी कारण वेगळे द्यावे लागते, आणि एकीचे कारण दुसरीला चालत नाही. रुग्णालयात दाखल केले म्हणजे बाकीचे सगळे आपोआप मान्य झाले, ही व्यवहारातली समजूत या मांडणीपुढे टिकत नाही.

आता आत्मकथनाकडे. ते प्रसिद्ध होईपर्यंत सॅक्स यांनी मौन पाळले. आजार जाहीर झाला असता तर त्यांचे लेख युक्तिवाद म्हणून वाचले न जाता लक्षण म्हणून वाचले गेले असते, ही भीती निराधार नव्हती. पुस्तक आल्यावर 2009 मध्ये त्यांना मॅकआर्थर फाउंडेशनची पाच लाख डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली, आणि त्या आधारावर त्यांनी आपल्याच विद्यापीठात मानसिक आरोग्याचा कायदा, धोरण आणि नीती यांवर काम करणारी सॅक्स इन्स्टिट्यूट सुरू केली. पुस्तकाचा सर्वात धाडसी भाग औषधांविषयीचा आहे. वर्षानुवर्षे त्या औषध कमी करत, सोडत, कोसळत, पुन्हा सुरू करत राहिल्या. औषध घेणे म्हणजे आपण खरोखरच आजारी आहोत हे कबूल करणे, आणि ते त्यांना नको होते. नकाराच्या अधिकारासाठी झगडणारी प्राध्यापक स्वतःच्या नकाराचा जमाखर्च इतक्या उघडपणे मांडते, हे दुर्मीळ आहे. पुढे त्यांनी औषध कायमचे स्वीकारले. तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता, आणि म्हणूनच तो टिकला, असे पुस्तक वाचताना जाणवते.

त्यांच्या यशाची एक बाजू त्या स्वतः कधी लपवत नाहीत. उत्तम उपचार, आठवड्यात चार-पाच दिवस मनोविश्लेषण, समजून घेणारे पती आणि मित्र, सांभाळून घेणारे विद्यापीठ, हे सगळे त्यांना मिळाले. ज्या शहरात त्या शिकवतात त्याच लॉस एंजेलिस परगण्याचा तुरुंग देशातल्या सर्वात मोठ्या मनोरुग्णालयांपैकी एक म्हणून ओळखला जातो, हे त्या आवर्जून सांगतात. त्या एकट्याच अपवाद आहेत का, हे पाहण्यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये स्किझोफ्रेनिया असूनही नोकरी-शिक्षण सांभाळणाऱ्या 20 जणांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत डॉक्टर, वकील, मानसशास्त्रज्ञ, व्यवस्थापक, विद्यार्थी होते. तीन चतुर्थांशांहून अधिक जण दोन ते पाच वेळा रुग्णालयात राहून आलेले होते. प्रत्येकाने आपापली युक्ती शोधली होती. कुणी गोंगाट टाळत होते, कुणी संशय आला की पुरावा मागत होते, आणि अनेकांच्या बाबतीत काम हाच उपचाराचा भाग झाला होता. वीस जणांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. पण किरकोळ कामापलीकडे काही जमणार नाही, हे भाकीत सरसकट लिहून टाकण्याचा डॉक्टरांचा हक्क त्यांनी नक्कीच डळमळीत केला.

मराठी वाचकाला हे सगळे परक्या देशातले वाटू नये. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये सांगितले, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाविरोधी आहे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडी इथल्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. 28 जण गेले.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या मसुद्याला पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील मानसिक आरोग्य कायद्याच्या केंद्राचा आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. सौमित्र पाठारे यांचा हातभार लागला. हा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. तो सॅक्स यांच्या पुस्तकांवरून घेतलेला नाही, पण दोन्हींचे प्रश्न एकच आहेत. कलम 4 म्हणते, की इतरांना एखादा निर्णय चुकीचा वाटतो एवढ्यावरून रुग्णाला निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही. कलम 5 आगाऊ निर्देशाची सोय देते: आजारी पडल्यावर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते. कलम 95 साखळीने बांधण्यावर बंदी घालते. कलम 97 सांगते, की तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच बंधन वापरावे, शिक्षा म्हणून कधीही नाही, आणि कर्मचारी अपुरे आहेत या कारणानेही नाही. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत ज्यांचे नातेवाईक राहून आले आहेत, त्यांना या शेवटच्या वाक्याचे मोल समजावून सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे या वादात सॅक्स यांच्याही पुढे गेलेला आवाज आहे, आणि तोही कायद्याच्या प्राध्यापकाचाच. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात शिकवणाऱ्या अमिता धांडा यांचे ‘लीगल ऑर्डर अँड मेंटल डिसॉर्डर’ हे पुस्तक 2000 मध्ये आले. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या वाटाघाटींत त्या सहभागी होत्या. भारताने तो करार ऑक्टोबर 2007 मध्ये मान्य केला. त्याचे बारावे कलम सांगते, की प्रत्येक अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता आहे आणि ती वापरायला लागेल ती मदत देणे राज्याचे काम आहे. धांडा यांच्या भूमिकेतून पाहिले तर क्षमता मोजण्याचा प्रश्नच चुकीचा ठरतो. माप कितीही अरुंद केले तरी कुणीतरी मोजणारा आणि कुणीतरी नापास होणारा राहतोच. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही जवळजवळ हेच सांगितले. सॅक्स यांना मदतीने घेतलेल्या निर्णयांची कल्पना मनापासून पटते, त्या दिशेने त्यांनी कामही केले आहे, पण निकष पूर्ण सोडून द्यायला त्या तयार नाहीत. त्या स्वतः अशा अवस्थेतून गेल्या आहेत, जिथे आपल्या विचारांनी हजारो माणसे मेली अशी त्यांची खात्री होती. त्या क्षणाचा होकार किंवा नकार तसाच्या तसा मानावा का, हा प्रश्न त्यांना टाळता येत नाही.

पुढील पानांत म्हणून सॅक्स यांच्या लेखांचा परिचय आधी येतो, बांधण्यापासून निर्णयक्षमतेपर्यंत. मग ‘रिफ्यूझिंग केअर’चा गोषवारा, आणि आत्मकथनाची ओळख सर्वांत शेवटी. आगाऊ निर्देश लिहिण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी गोषवाऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. त्यातले युलिसिस कराराविषयीचे प्रकरण आणि आपल्या कायद्याचे कलम 5 शेजारी ठेवून वाचले, तर निर्देशात काय लिहायचे, कुणाला प्रतिनिधी नेमायचे आणि झटक्याच्या वेळच्या नकाराचे काय करायचे, या तीन गोष्टींवर घरात बोलणे सुरू करता येईल.